साठ अंश

सुनील सरांनी पुढं केलेला पेढ्यांचा पुडा सारिकानं हाताच्या पालथ्या बाजूनं दूर सारला आणि रिपोर्ट पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला. ही तिसरी खेप. आकडा तोच होता. पुण्याच्या प्रयोगशाळेनं तिची आठवी बॅच कर्करोगाच्या पेशींवर घालून पाहिली होती आणि शंभरातल्या शहाण्णव पेशी मेल्या होत्या. आधीच्या सात बॅचनी साठ-बासष्टच्या वर कधी मजल मारली नव्हती.

"घे गं, तोंड गोड कर," सर म्हणाले. "तुझीच बॅच आहे."

"माझी बॅच असं करत नाही."

लोक हसले. सारिका उतेकरचा स्वभावच तसा, चांगलं झालं तरी तिचं कपाळाला आठ्या घालणं चालूच, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. तिला ते ऐकू आलं आणि ती आणखी तापली. आठ महिने जिनं ह्या एका भांड्यापुढं उभं राहून पायाचे तुकडे पाडून घेतले, तिला हे लोक सांगणार की चांगलं झालं! ह्यांतल्या एकाला तरी ठाऊक होतं का त्या भांड्यात काय चालतं? यांना आकडा तेवढा कळतो. आकडा वर गेला की पेढे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी लहान. पुढच्या बाजूला मोठा प्लांट, तिथं दुसऱ्यांची औषधं ठेक्यावर तयार होत. मागच्या दोन खोल्यांत मालकांच्या हौसेचं हे नवं काम. पनीर काढून उरतं त्या पाण्यातून एक प्रथिन वेगळं करायचं. त्याच्यातलं कॅल्शियम काढून घेतलं की ते जरा सैल पडतं. त्या सैल जागेत ओलेइक आम्ल बसवायचं. हे आम्ल म्हणजे काही तेजाब नव्हे, ऑलिव्हच्या तेलात असतं ते साधं स्निग्ध आम्ल. दोन्ही वेगवेगळी असताना काही विशेष करत नाहीत, पण नीट जोडी जमली तर ती जोडी कर्करोगाच्या पेशी मारते आणि चांगल्या पेशींच्या वाटेला फारशी जात नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रोग्यांना नळीवाटे हे औषध देऊन बघायचं, असं पुण्याच्या डॉक्टरांच्या मनात होतं.

आता जोडी जमवायची कशी, तर सावकाश. उष्णता नाही, जोराचं ढवळणं नाही. फेस आला की प्रथिन मोडलंच. तिनं रीत बसवली होती: पंचवीस अंशांच्या खोलीत, स्टरर सगळ्यांत कमी वेगावर, आम्ल थेंबाथेंबानं, मग सगळं रात्रभर तसंच फिरत ठेवायचं. एका बॅचला तीन दिवस. सुनील सरांना हे तीन दिवस डोळ्यांत खुपायचे. कुठल्याशा शोधनिबंधात त्यांनी वाचलं होतं की साठ अंशांवर गरम केलं तर काम तासाभरात उरकतं. गरम पाण्याचा वॉटर बाथ शेजारच्याच खोलीत होता. ते दर आठवड्याला एकदा आठवण करून द्यायचे आणि ती दर आठवड्याला नाही म्हणायची. तासाभरात जमलेल्या जोडीत आम्ल आत बसत नाही, बाहेरून नुसतं चिकटतं, आणि सुटं आम्ल म्हणजे साबण, तो सगळ्यालाच मारतो, असं तिनं त्यांना फळ्यावर आकृती काढून दाखवलं होतं.

आणि आता शहाण्णव.

तिच्या डोक्यात दुसरा विचारच आला नाही. आठवी बॅच भांड्यात होती त्या गुरुवारी ती अर्ध्या दिवसाच्या रजेवर होती. गावी कापड्याला भाताच्या लावणीला माणूस कमी पडत होतं, भाऊ मुंबईहून येतो येतो म्हणून आला नाही, मग आईनं हिलाच बोलावलं. दोन वाजता तिनं शेवटचा थेंब टाकला, स्टरर फिरत ठेवला आणि पोलादपूरची एसटी धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येऊन बॅच गाळली. मधल्या वेळात इथं सर होते.

"सर, तुम्ही गरम केलीत ना?"

खोलीत सगळे होते. पेढा अर्धा तोंडात असलेलेही होते. तिला ते दिसत होतं, तरी तिनं आवाज खाली आणला नाही.

"काय?"

"आठवी बॅच. मी लावणीला गेले तेव्हा. आठ महिने माझ्या मागं लागला होतात. मी नसताना घातलीत बाथमध्ये."

सर रागावतील असं सगळ्यांना वाटलं. सरांनी पुडा टेबलावर ठेवला, बोटं रुमालाला पुसली आणि तिच्याकडं जरा नवलानं पाहिलं.

"सारिका, मी केलं असतं तर गप्प बसलो असतो का? शहाण्णव आलेत. मी पहिल्या ओळीत माझं नाव घातलं असतं."

हे मात्र खरं होतं. कंपनीत नवा पंखा बसला तरी त्याचं श्रेय घेणारा माणूस हा. सारिकाचा राग जागच्या जागी अडला, आणि अडलेला राग जास्त जाळतो.

सरांनी लोकांना बाहेर काढलं आणि तिला बसायला सांगितलं. पुण्याला आज संध्याकाळी पाचपर्यंत कृतीचा कागद पाठवायचा होता. आठवी बॅच जशी झाली तशी. यापुढं प्राण्यांवरच्या चाचण्यांसाठी, आणि नंतर रोग्यांसाठी, त्याच कागदाप्रमाणं माल तयार होणार, त्यात काना-मात्रा बदलायची नाही. तू वेगळं काय केलंस ते आठव आणि लिही, ते म्हणाले. तिनं सांगितलं, काहीच वेगळं केलं नाही. मग कुणीतरी केलंय, ते शोध, ते म्हणाले, आणि जे केलंय ते आता कायमचं करायचं. घड्याळात बाराला दहा कमी होते.

ती तिथून निघाली ती थेट सुशांतकडं गेली. सुशांत मोठ्या प्लांटवर ऑपरेटर, त्या आठवड्यात त्याची दुपारची पाळी होती. त्याला आधी काही आठवेना. मग आठवलं. त्या गुरुवारी संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला लाईट गेली होती, चाळीसेक मिनिटं. जनरेटर फक्त पुढच्या प्लांटला. मागच्या खोल्यांत अंधार. तो रिअ‍ॅक्टर सोडून कुठं जाणार? मागं चंद्राबाई होत्या तेवढ्या, बाटल्या धुत.

बाटल्या धुवायच्या खोलीत चंद्राबाई मालुसरे कोपरापर्यंत हातमोजे घालून उभ्या होत्या. उमरठच्या. नवरा गेल्यावर बिरवाडीला खोली घेऊन राहिलेल्या, ठेकेदाराच्या माणसांत सहा वर्षं. त्यांच्याइतकी काच कुणी जपली नाही. सारिका त्यांना काकी म्हणायची, उमरठ आणि तिचं कापडं ही गावं काही लांब नव्हेत. डबा दोघी एकत्रच खायच्या.

सारिकानं विचारलं, त्या गुरुवारी लाईट गेली तेव्हा भांड्याला हात लावला होतास का.

"लावला ना," चंद्राबाई म्हणाल्या. "तुझं दूध तसंच पडलं होतं. फिरकी बंद, फ्रीज बंद. आणि हवा ही अशी. म्हटलं सकाळपर्यंत नासतंय. मग लाईट आल्यावर त्या गरम पाण्याच्या टाकीत ठेवलं तासभर. तापवलं आणि परत फिरकीवर ठेवलं."

ती टाकी बाटल्या खंगाळायला कायम साठ अंशांवर असायची.

दूध! पहिल्या दिवसापासून सगळी कंपनी त्याला सारिकाचं दूध म्हणत होती, आणि तीही हसून ओ देत होती. पनीरच्या पाण्याच्या कॅन आत आणायच्या त्याही ह्या चंद्राबाईच. आणि पोलादपुरात काय, महाडात काय, कुठल्या घरातली बाई दूध न तापवता तसंच ठेवून घरी जाईल? तिची आई गेली असती का? ती स्वतः?

"मला सांगितलं का नाहीस?"

"दूध तापवलं ते काय सांगायचं गो?"

ह्यावर सारिका जे बोलली ते बोलायला नको होतं. तीन दिवसांची बॅच, आठ महिन्यांचं काम, कुणी सांगितलं होतं हात लावायला, तुम्हाला धुवायला ठेवलंय तर धुवा ना, नसती उठाठेव कुणी सांगितली. तू म्हणणारी ती तुम्हीवर आली, आणि ते चंद्राबाईंना आवाजापेक्षा जास्त लागलं. नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

आता सारिकाला कळलं होतं काय झालं ते. पण कळून भागणार नव्हतं, सरांना दाखवायला हवं होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेनं फक्त कर्करोगाच्या पेशींवर चाचणी केली होती. चांगल्या पेशींवर करायची तर वेगळी मागणी, आणखी दोन आठवडे. तिच्याकडं चार तास होते.

तिनं फ्रीजमधून सातव्या बॅचची कुपी काढली आणि आठव्या बॅचची काढली. दोन्हींतली सुकवलेली पांढरी पूड सारखीच वजन करून घेतली, मिठाच्या पाण्यात विरघळवली. सलाईनमध्ये असतं तेवढंच मीठ, नाहीतर नुसत्या पाण्यानंच रक्त फुटतं. मग प्रथमोपचाराच्या पेटीतली सुई घेऊन डाव्या हाताच्या मधल्या बोटात टोचली. रक्ताला सगळ्यांत आधी कळतं. तांबड्या पेशी म्हणजे पाण्यानं भरलेल्या पिशव्या, सुटा साबण लागला की फुटल्याच. दोन नळ्यांत दोन-दोन थेंब, अंगाइतकी ऊब, अर्धा तास.

आठवी बॅच विरघळवताना तिला ते दिसलं. पाणी किंचित धुरकट होतं. फार नाही. काचेच्या मागं बोट धरलं तर बोटाची कड जरा पुसट दिसावी एवढंच.

आणि त्या शुक्रवारचं तिला आठवलं. सकाळी आठ वाजता, कंबर लावणीनं मोडलेली, नखांत चिखल, तेव्हाही भांड्यात हे धुरकटपण होतं. तिनं ते पाहिलं होतं. चांगलं अर्धं मिनिट ती त्याच्याकडं बघत उभी होती. मग पावसाची हवा आहे, खोलीत ओल आहे, असं मनाशी म्हणून तिनं गाळायला घेतली होती. तेव्हाच थांबवली असती तर बॅच पुण्याला गेलीच नसती. पण त्या दिवशी थांबवायचं म्हणजे पुन्हा तीन दिवस, आणि सरांचं ते हसत मान हलवणं.

तिनं ती आठवण बाजूला सारली. नळ्यांकडं बघत बसली.

अर्ध्या तासानं सातव्या बॅचच्या नळीत रक्त खाली बसलं होतं, तळाशी लाल ठिपका आणि वर निवळ पाणी. आठवीच्या नळीत तळाशी काहीच नव्हतं. वरपासून खालपर्यंत सगळं सारखं लाल, पारदर्शक, कोकम सरबतासारखं. तिनं पुन्हा एकदा करून पाहिलं, ह्या वेळी सुशांतचं रक्त घेऊन, उगाच कुणी म्हणायला नको की हिच्याच रक्तात खोट आहे. तेच झालं.

चार वाजता तिनं चारही नळ्या सरांच्या टेबलावर उभ्या केल्या. कोणती कुठली ते सांगितलं. सर खुर्चीतून पुढं वाकले. माणूस काही मूर्ख नव्हता. रसायनशास्त्रात त्यांनीही डिग्री घेतली होती, नंतर व्यवस्थापनात पडून ती विसरायला आली होती एवढंच.

"साबण," ते म्हणाले.

"साबण. ह्या रोग्यांच्या लघवीतून आधीच रक्त जातं, सर. त्यांच्या मूत्राशयात तुम्ही हे घालणार. तिथं कर्करोगपण मरेल आणि आतलं अस्तरपण मरेल. शहाण्णव काय, शंभर येतील. फिनेल घातलं तरी शंभर येतील."

सरांनी एक लाल नळी उचलून हलवून पाहिली. मालकांना त्यांनी सकाळीच फोन केला होता. मालकांनी मुंबईत दोघातिघांना सांगितलंही होतं. आता पुन्हा फोन करायचा आणि म्हणायचं, आकडा खोटा. त्यांचा चेहरा उतरला आणि एरवी तिला त्यांची दया आली असती. आज नाही आली.

"बॅच रद्द करायची तर चूक नोंदवायचा फॉर्म भरावा लागेल," ते शेवटी म्हणाले. त्यांनी खणातून कागद काढला. "काय चुकलं, कुणाकडून चुकलं, कुणाच्या लक्षात आलं. खाली ज्याच्याकडून चुकलं त्याची सही."

"लाईट गेली होती असं लिहा."

"लाईट गेली की स्टरर थांबतो. साठ अंशांवर कुणीतरी नेलंय. पुण्याचे लोक हेच विचारणार. त्या रकान्यात माणसाचं नाव असेल तर ती चूक, बॅच रद्द, आणि पुण्याला तुझा सातव्या बॅचचा कागद जाईल. नाव नसेल तर ती चूक नाही. मग ती कृती आहे. ती तशीच लिहून पाठवावी लागेल."

"माझं नाव लिहा."

"गेटवर तू दोन वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडल्याची नोंद आहे. खोटं सापडलं तर सगळंच अडकेल, सातवीपण. कोण होतं ते तुला माहीत आहे. मी विचारत नाही. भरून आण."

तिनं विचारलं, ज्याचं नाव येईल त्याचं काय होईल. कायम नोकरीतला असला तर लेखी समज, ते म्हणाले. ठेकेदाराचा असला तर ठेकेदार उद्या दुसरा माणूस पाठवेल. त्यांनी हे काही निष्ठुरपणानं सांगितलं नाही. जसं असतं तसं सांगितलं.

सारिका फॉर्म घेऊन जिन्यावर आली आणि तिथंच बसली. तिला सगळ्यांचा राग येत होता. सरांचा, मालकांचा, ठेकेदाराचा, न आलेल्या भावाचा, वीज मंडळाचा. चंद्राबाईंचा तर येतच होता, कुणी सांगितलं होतं एवढी माया करायला! आणि ह्या सगळ्या रागाच्या खाली ते धुरकट पाणी होतं. ते काही केल्या हलेना.

कारण वाट होती. तिला ती चांगली दिसत होती. 'शुक्रवारी सकाळी द्रावण धुरकट दिसत असूनही सारिका उतेकर यांनी बॅच पुढे नेली.' एवढं एक वाक्य. ते खरं होतं. गेटची नोंद त्याच्या आड येत नव्हती, शुक्रवारी आठ वाजता ती आतच होती. तेवढ्या वाक्यावर बॅच रद्द झाली असती. पाणी कशानं धुरकट झालं? लाईट गेली होती, त्यानं. कुणी पुढं विचारलं नसतं. चंद्राबाईंचं नाव कुठं आलंच नसतं.

पण तिची कायम होण्याची ऑर्डर सप्टेंबरात निघणार होती. चार वर्षं ती दर अकरा महिन्यांनी कराराच्या नव्या कागदावर सही करत होती. आणि नुसतं तेही नव्हतं. ही रीत तिची होती. आठ महिने तिनं सगळ्यांना हेच सांगितलं होतं की बघा, नजर ठेवावी लागते, घाई चालत नाही. त्याच बाईनं अर्धं मिनिट बघून घाईनं पुढं ढकललं, असं स्वतःच्या अक्षरात लिहायचं? सर वाचतील. पुण्याचे वाचतील. मान हलवतील.

धुरकटपणा म्हणजे काही पुरावा नव्हे, तिनं स्वतःला सांगितलं. तापवलं चंद्राबाईंनीच. ते खोटं आहे का? तिनं पेन काढलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून रकाने भरले. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

पाचला वीस कमी असताना ती बाटल्या धुवायच्या खोलीत गेली. चंद्राबाई धुतलेल्या बाटल्या एकेक करून जाळीवर पालथ्या घालत होत्या. दुपारचं बोलणं दोघींच्या मध्ये होतंच. सारिकानं माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि निघालं ते फॉर्मचंच. काय झालं होतं, रक्त कसं फुटलं, हे माणसांना दिलं गेलं असतं तर काय झालं असतं, सगळं तिनं भराभरा सांगितलं. चंद्राबाईंनी ऐकून घेतलं. माणसांना द्यायचं होतं हे ऐकल्यावर त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली.

"म्हणजे कुणीतरी मेलं असतं?"

"त्रास झाला असता. खूप."

"मला काय ठाऊक गो. आमच्यात तर कच्चं ठेवलं की त्रास होतो."

"माहीत आहे, काकी."

"मग आता काय करायचं?"

सारिकानं फॉर्म पुढं केला. सही लागेल म्हणाली. सही केलीस तर बॅच रद्द होईल, नाही केलीस तर सगळं असंच पुढं जाईल. आणि मग, हे सांगायला हवंच म्हणून, तिनं तेही सांगितलं की ठेकेदार बहुतेक कामावरून कमी करेल. हे सांगताना ती जाळीवरच्या बाटल्यांकडं बघत होती.

चंद्राबाईंनी हातमोजे उतरवले. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले, कागद भिजू नये म्हणून. मग फॉर्म घेऊन खिडकीच्या उजेडात धरला. रात्रीच्या वर्गात शिकलेली अक्षरं, त्या बोट ठेवून सावकाश वाचत गेल्या.

"विचारायला आलीस की सांगायला?" त्या म्हणाल्या.

सारिकाला कळलं नाही.

"माझं नाव मला वाचता येतं. तू लिहूनच आणलंयस."

खोलीत बाटल्यांवरून पाणी निथळत होतं. सारिका म्हणाली, वेळ नव्हता, पाच वाजायच्या आत द्यायचा होता. चंद्राबाईंनी मान हलवली, जसं काही हे कारण त्यांना पटलं. त्यांचं बोट एक ओळ खाली सरकलं आणि थांबलं.

"हे खालचं तुझं नाव ना?"

"हो."

"तुझं कशाला? तू तर नव्हतीस."

सारिकानं उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की चंद्राबाईंनी कागदावरून नजर काढून तिच्याकडं पाहिलं.

"चूक कुणाच्या लक्षात आली," सारिका म्हणाली, "त्याचं नाव लिहायचं असतं तिथं."

"हां," चंद्राबाई म्हणाल्या.

त्यांनी पेनासाठी हात पुढं केला. कागद भिंतीला टेकवून, एकेक अक्षर सुटं काढत त्यांनी सही केली, मालुसरे हे आडनावसुद्धा पूर्ण लिहिलं. पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

"जा. पाच वाजतायत," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा हातमोजे घालू लागल्या.